घडण आणि निगा

वर्डप्रेसची गोष्ट बहुतेक जण मॅट मुलेनवेगपासून सुरू करतात. मला ती मिशेल वाल्द्रिगीपासून सांगावीशी वाटते. या फ्रेंच तरुणाने २००१ साली ‘बीटू’ नावाची एक छोटी प्रणाली लिहिली. पीएचपी भाषेतली, मायएसक्यूएलमध्ये मजकूर साठवणारी, कुणालाही फुकट वापरता येणारी. ती बऱ्यापैकी पसरली आणि २००२च्या अखेरीस वाल्द्रिगीचं काम थांबलं. नवी आवृत्ती येईना, चुका दुरुस्त होईनात. जानेवारी २००३मध्ये ह्यूस्टनच्या एकोणीस वर्षांच्या मुलेनवेगने लिहिलं, की बीटूचा कोड घेऊन तो आपणच पुढे न्यावा असं मनात आहे. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टहून माइक लिटल यांनी त्याला कळवलं, की खरंच करणार असशील तर मीही येतो. २७ मे २००३ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली.

हे जमलं ते बीटूच्या परवान्यामुळे. जीपीएल परवान्याखालचा कोड कुणीही वापरावा, वाचावा, बदलावा, बदललेला वाटावा. अट इतकीच, की पुढे ज्याला तो दिला त्यालाही हेच हक्क मिळाले पाहिजेत. मूळ लेखक कंटाळला, दुसऱ्या कामाला लागला, तरी काम उचलून पुढे नेण्याची मुभा त्याने आधीच सर्वांना देऊन ठेवलेली असते. पण नुसत्या मुभेने भागत नाही. कुणीतरी ते प्रत्यक्ष उचलावं लागतं आणि एकदा उचललं की रोज सांभाळावं लागतं. वर्डप्रेसचा जन्मच एका थांबलेल्या प्रणालीची निगा दोघांनी अंगावर घेतल्यामुळे झाला. पुढच्या दोन दशकांत त्यावर जे काम झालं, त्यातला फार मोठा वाटा निगेचाच आहे, आणि हे पुस्तक त्या वाट्याविषयी आहे.

संकेतस्थळ कसं बनवावं हे सांगणारं साहित्य आता मराठीत पुष्कळ आहे. बनवल्यानंतर पाच वर्षांनी काय करावं हे सांगणारं मात्र शोधावं लागतं. मी ज्यांच्यासाठी हे काम करत आलो ती तालुक्याची वाचनालयं, शाळा, पतसंस्था, दिवाळी अंक काढणारी लहान प्रकाशनं. त्यांच्या स्थळाचं उद्घाटन समारंभाने होतं. पाहुणे माउसची कळ दाबतात, टाळ्या वाजतात, स्थानिक पानावर फोटो येतो. खर्च एकदाच पडतो. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात डोमेन आणि होस्टिंग असतं, तेही कुणाला आठवलं तर. ज्या मुलाने स्थळ बांधलं तो नोकरीला पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेला असतो आणि पासवर्ड त्याच्याच ईमेलला जोडलेला असतो. डॅशबोर्डवर अपडेटचा आकडा वाढत जातो. कचेरीतल्या माणसाला कुणीतरी बजावलेलं असतं, ‘त्याला हात लावू नका, साइट उडेल.’

ही भीती खोटी नाही. साइट उडते, मी ती उडताना पाहिलेली आहे. पण ती का उडते हे समजून घेतलं, तर न उडवता अपडेट कसं करायचं हेही समजतं. त्यासाठी वर्डप्रेसची रचना थोडी जवळून पाहायला हवी.

वर्डप्रेसचा गाभा सर्वांचा एकच असतो. दिसणं थीम ठरवते, जास्तीची कामं प्लगइन करतं. प्लगइनची सोय मे २००४मधल्या १.२ आवृत्तीपासून आहे आणि माझ्या मते ती वर्डप्रेसमधली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. गाभ्याच्या कोडमध्ये ठिकठिकाणी हुक ठेवलेले आहेत. गाभा काम करता करता त्या जागी थांबतो आणि विचारतो, इथे कुणाला काही करायचं आहे का? एखादी गोष्ट घडल्यावर काही करायचं असेल तर त्याला ॲक्शन म्हणतात. हातातला मजकूर बदलून परत द्यायचा असेल तर तो फिल्टर. गाभ्याची एकही ओळ न बदलता तुम्ही त्याचं वागणं बदलू शकता. गाभ्याची नवी आवृत्ती आली की जुन्या फायली पुसून नव्या येतात, तुमचं प्लगइन बाजूला सुरक्षित राहतं.

एक छोटं उदाहरण देतो. मराठी भाषा निवडली की वर्डप्रेस तारखेतल्या महिन्याचं नाव मराठीत दाखवतं, आकडे मात्र इंग्रजीच राहतात. ते देवनागरी हवेत अशी संपादकांची मागणी असते आणि ती अगदी रास्त आहे. शून्य ते नऊ हे इंग्रजी अंक देवनागरी अंकांनी बदलणारं फंक्शन पाच-सात ओळींत लिहून होतं. ते कुठल्या हुकला लावायचं, हा खरा प्रश्न. घाईत माणूस ते लेखाच्या पूर्ण मजकुरावर लावतो. मजकुरातले आकडे सुंदर मराठी होतात आणि त्याबरोबर दुव्यांमधले आकडेही मराठी होतात, चित्रांच्या रुंदी-उंचीचे होतात, फायलींच्या नावांतलेही होतात. चित्रं दिसेनाशी होतात, दुवे मेलेले. तेच फंक्शन फक्त तारखेच्या फिल्टरला लावलं तर यातलं काहीच बिघडत नाही. तरीही सुरुवातीला ते चाचणीच्या प्रतीवर लावावं, कारण एखादं दुसरं प्लगइन तीच तारीख वाचून हिशेब करत असेल, तर त्याला ‘२०१९’ हा आकडा म्हणून कळणार नाही.

साइट उडते ती बहुतेक वेळा ही शिस्त मोडल्यामुळे. ज्याने स्थळ बांधलं त्याने थीमच्या फायली थेट बदललेल्या असतात, आपले बदल वेगळे ठेवणारी चाइल्ड थीम केलेली नसते. अपडेट आलं की वर्षभराचे बदल पुसले जातात. किंवा एखादं प्लगइन त्याच्या लेखकाने सोडून दिलेलं असतं आणि सर्व्हरवरची पीएचपी बदलताच पांढरं पान समोर येतं. किंवा विकत घ्यायची थीम कुठून तरी फुकट उतरवलेली असते. या शेवटच्या गोष्टीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे ती फार चालते. जीपीएलमुळे कोडची प्रत घेणं बेकायदा नसतंही. पण ‘नल्ड’ म्हणून वाटल्या जाणाऱ्या प्रतींमध्ये वाटणाऱ्याने मागचा दरवाजा उघडा ठेवलेला असू शकतो, आणि त्यांना मूळ लेखकाकडून अपडेट कधीच येत नाही. अशी थीम ज्या स्थळावर आहे त्याची निगा करता येत नाही, ती आधी काढावीच लागते.

अपडेट नाही केलं तर काय होतं, हे २०११ साली सगळ्यांना दिसलं. टिमथंब नावाची चित्रं लहान करणारी एक फाइल तेव्हा असंख्य थीममध्ये घातलेली असे. ठरावीक विश्वासाच्या स्थळांवरचीच चित्रं आणायची, असा तिच्यात पहारा होता. पण त्या स्थळाचं नाव पत्त्यात कुठेतरी आहे का, एवढंच तो पाहायचा. हल्लेखोराने विश्वासू नाव पुढे आणि स्वतःचं डोमेन मागे असा पत्ता तयार केला की पहारेकरी दार उघडत असे. दुरुस्ती लवकर निघाली. पण आपल्या थीमच्या पोटात ही फाइल आहे हेच मालकांना माहीत नव्हतं.

ऑक्टोबर २०१३मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या स्थळावर आपोआप उतरू लागल्या. कुणी कळ दाबायची वाट पाहायची नाही. त्या वेळी यावर बरीच नाराजी झाली : माझ्या सर्व्हरवर मला न विचारता फायली बदलणारे तुम्ही कोण? प्रश्न योग्य होता. त्याचं उत्तर जानेवारी २०१७मध्ये मिळालं. दुसऱ्या प्रोग्रामना स्थळाशी बोलता यावं म्हणून ४.७ आवृत्तीत आणलेल्या रेस्ट एपीआयमध्ये अशी चूक निघाली, की लॉगिन न करताही कुणालाही लेखाचा मजकूर बदलता येत होता. लेखाच्या क्रमांकामागे एखादं अक्षर चिकटवलं की परवानगी तपासणारा भाग गोंधळून बाजूला होई, आणि पुढचा भाग ते अक्षर टाकून देऊन क्रमांक बरोबर वाचे. २६ जानेवारीला दुरुस्तीसह ४.७.२ निघाली. ही चूक तिच्यात दुरुस्त केली आहे हे मात्र १ फेब्रुवारीला जाहीर केलं गेलं. मधल्या दिवसांत होस्टिंग कंपन्यांना गुपचूप सावध केलं आणि स्वयंचलित अपडेट चालू असलेली स्थळं दुरुस्त होत गेली. ज्यांनी ते बंद ठेवलं होतं, त्यांच्या लाखो पानांवर पुढच्या काही दिवसांत हल्लेखोरांनी आपली नावं लिहिली. स्वयंचलित अपडेट बंद करण्याचा सल्ला आजही दिला जातो. लहान संस्थेने तो ऐकू नये असं माझं ठाम मत आहे.

यापेक्षाही मला मोलाची वाटणारी गोष्ट एप्रिल २०१५ची आहे आणि तिचा आपल्या लिपीशी थेट संबंध आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. युनिकोडचा मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी अक्षराला तीन आणि इमोजीला चार. मायएसक्यूएलमध्ये ज्याला ‘यूटीएफ-८’ म्हणत, त्यात अनेक वर्षं तीनच बाइटांपर्यंतची सोय होती. चार बाइटांचं चिन्ह आलं की मायएसक्यूएल तक्रार न करता तिथपासूनचा सगळा मजकूर कापून टाकायचं. वरवर ही फक्त गैरसोय दिसते. पण समजा, कुणी प्रतिक्रियेत असा मजकूर पाठवला जो पूर्ण असताना निर्धोक आहे आणि अधेमधे चार बाइटांचं चिन्ह टाकलं. वर्डप्रेस पूर्ण मजकूर तपासून पास करणार. साठवताना तो अर्धा कापला जाणार आणि उघडलेलं अवतरणचिन्ह बंद न होता राहणार. मग पानावरचा पुढचा मजकूर त्याला जोडला जाऊन हल्लेखोराचा कोड व्यवस्थापकाच्या ब्राउझरमध्ये चालणार.

दुरुस्ती मोठी होती. मजकूर साठवण्याआधी तो मायएसक्यूएलच्या कोष्टकात मावतो का ते तपासणं, आणि जगभरच्या स्थळांची कोष्टकं चार बाइटांच्या पद्धतीवर नेणं. ही कामं उघड्यावर चालतात. कोडमधला प्रत्येक बदल कुणालाही वाचता येतो. कारण सांगून काम केलं असतं, तर दुरुस्ती पोचण्याआधी हल्लेखोर पोचले असते. म्हणून कोष्टकांचा हा बदल इमोजीसाठी म्हणून केला गेला. ४.२ आवृत्तीत इमोजी आले, आणि सुरक्षेचे एवढे प्रश्न असताना हे पोरखेळ कशाला, म्हणून लोकांनी नावंही ठेवली. प्रमुख विकासकांपैकी अँड्र्यू नासिन यांनी नंतर जाहीर भाषणात खरं कारण सांगितलं. लोकांची नाराजी झेलत, खुलासा न करता, लाखो अनोळखी लोकांची स्थळं सांभाळणाऱ्या त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता आपला संबंध. मोडी लिपी युनिकोडमध्ये आली ती २०१४ साली, आणि तिला जागा मिळाली ती चार बाइटांच्या भागात. जुन्या कोष्टकावर चालणाऱ्या स्थळावर एखाद्या अभ्यासकाने लेखात मोडीचं एक अक्षर टाकलं, तर त्या अक्षरापासून पुढचं सगळं गेलंच म्हणून समजा. वर्डप्रेस ४.२वर गेलेल्या आणि सर्व्हर पुरेसा नवा असलेल्या स्थळांवर कोष्टकं आपोआप बदलली आणि मोडीची वाट मोकळी झाली. मोडीसाठी कुणी ते केलेलं नव्हतं. ज्यांनी त्या वर्षी अपडेटला हात लावला नाही, त्यांना ते मिळालं नाही.

मराठीची अशी आणखीही दुखणी आहेत, त्यांतलं एक रोजचं. लेखाचा पत्ता त्याच्या शीर्षकावरून आपोआप तयार होतो आणि त्यासाठी वर्डप्रेसच्या कोष्टकात दोनशे चिन्हांची जागा आहे. इंग्रजी शीर्षकाला ती भरपूर होते. देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, पायमोडका, सगळं वेगवेगळं, पत्त्यात प्रत्येकी नऊ चिन्हं खाते. ‘ज्ञानेश्वरी’ या एका शब्दात अकरा खुणा आहेत, म्हणजे नव्व्याण्णव चिन्हं. एवढ्या लांबीचे दोन शब्द आले की जागा संपली. पत्ता शब्दाच्या मध्येच तुटतो. सारखीच सुरुवात असलेल्या दोन लेखांचे पत्ते सारखे होतात आणि दुसऱ्याच्या शेपटीला आकडा लागतो. व्हॉट्सॲपवर टाकला तर टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक ओळ दिसते. लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हाताने आखूड करणं हा यावरचा उपाय. तो संपादकाच्या सवयीचा भाग व्हायला हवा.

वर्डप्रेसने जुन्यांना सोडून न देण्याचं व्रत कटाक्षाने पाळलं. पीएचपी ५.२ या आवृत्तीचा सांभाळ तिच्या कर्त्यांनी जानेवारी २०११मध्ये थांबवला. वर्डप्रेस मात्र मे २०१९पर्यंत त्या जुन्या पीएचपीवरही चालत राहिलं. स्वस्तातल्या होस्टिंगवर पडून असलेल्या हजारो लहान संस्था त्यामुळे उघड्यावर पडल्या नाहीत. याची किंमत विकासकांनी मोजली : भाषेत आलेल्या कितीतरी चांगल्या सोयी त्यांना गाभ्यात वापरता येत नव्हत्या. इतकी वर्षं थांबणं मला जास्त वाटतं, पण ज्या कारणाने थांबले ते कारण मला पटतं. याच प्रकल्पाने ६ डिसेंबर २०१८ला ५.० आवृत्तीत लिहिण्याची पद्धतच बदलली आणि गुटेनबर्ग हा ठोकळ्यांचा संपादक आणला. त्या वेळी इतका सावधपणा दिसला नाही. दृष्टिहीनांना तो नीट वापरता येत नाही, अशी तक्रार होती आणि सुलभतेचं काम पाहणाऱ्या प्रमुखांनी त्याआधीच ती जबाबदारी सोडली होती. जुना संपादक प्लगइनच्या रूपात ठेवला गेला, तो आजही अनेक जण वापरतात. गुटेनबर्ग आज खूप सुधारला आहे. सुधारून मग आणला असता तर बरं झालं असतं.

असे निर्णय कोण घेतं, हा प्रश्न सप्टेंबर २०२४मध्ये जास्त टोकदार झाला. मुलेनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर आरोप केला, की ती वर्डप्रेसवर कमावते आणि त्या मानाने प्रकल्पाला परत काहीच देत नाही. वाद विकोपाला गेला आणि त्या कंपनीच्या सर्व्हरना वर्डप्रेसच्या मध्यवर्ती स्थळावरून अपडेट मिळणं बंद करण्यात आलं. ज्या ग्राहकांचा भांडणाशी काहीही संबंध नव्हता, त्यांना डॅशबोर्डवरून प्लगइन अद्ययावत करता येईना. प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयात गेलं आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने तो प्रवेश पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश दिला. कमावणाऱ्यांनी निगेचा भार उचलावा, हे मुलेनवेग यांचं म्हणणं मला मान्य आहे. २०१४पासून ते सांगत आले आहेत, की वर्डप्रेसवर चालणाऱ्या कंपन्यांनी आपल्या बळाचा पाच टक्के भाग प्रकल्पाला द्यावा. पण अपडेटचा पुरवठा तोडणं हे त्यासाठीचं साधन होऊ शकत नाही. कोड सर्वांचा असला तरी तो ज्या वाटेने आपल्यापर्यंत येतो ती वाट एकाच्या हातात आहे, हे त्या दिवसांत कळलं. पुस्तकात अपडेट फाइल हाताने चढवण्याची पद्धत तपशिलात दिली आहे, ती याच कारणासाठी.

आता संस्थाचालकांशी दोन शब्द. कोकणात कौलारू घर दर पावसाळ्याआधी शाकारतात आणि त्या खर्चाचं कारण कुणी विचारत नाही. संकेतस्थळाला तसाच वार्षिक खर्च धरा. महिन्यातून एकदा कुणीतरी दोन तास बसेल, आधी पूर्ण प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवेल, चाचणीच्या प्रतीवर अपडेट चढवून पाहील, मुख्य पानं, शोध आणि संपर्काचा अर्ज चालतो का ते बघेल, मग खऱ्या स्थळावर चढवेल. प्रत काढणं पुरेसं नाही. वर्षातून एकदा ती प्रत प्रत्यक्ष उभी करून पाहावी. डोमेन, होस्टिंग आणि व्यवस्थापकाचं खातं संस्थेच्या ईमेलवर असावं आणि त्याची नोंद इतिवृत्तात असावी, म्हणजे कार्यकारिणी बदलली तरी किल्ल्या हरवत नाहीत. स्थळ बांधायला देताना करारातच निगेची वर्षं आणि रक्कम लिहा. बांधणीचा खर्च थोडा कमी करावा लागला तरी चालेल. चकचकीत फिरती चित्रं नसली म्हणून वाचनालयाच्या सभासदाचं काही अडत नाही, ग्रंथसूची हॅक झाली तर अडतं.

ज्यांना कोड येतो, किंवा येत नसला तरी मराठी चांगलं येतं, त्यांच्यासाठी शेवटची तीन प्रकरणं आहेत. प्रत्येक मोठ्या आवृत्तीत नवी वाक्यं येतात आणि रिलीज कँडिडेट, म्हणजे प्रकाशनाआधीची जवळपास अंतिम आवृत्ती, निघाली की ती गोठवली जातात. तिथून प्रकाशनापर्यंतचे मोजके आठवडे भाषांतरकारांच्या हाती असतात आणि मराठीसाठी काम करणारे स्वयंसेवक थोडे आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक इथे वर्डकॅम्प झालेले आहेत. अशा मेळाव्यांना जोडून योगदानाचा दिवस असतो, तिथे नवख्याला शेजारी बसवून शिकवतात. भाषांतराहूनही दुर्मीळ आहे ती मराठी मजकुरावर घेतलेली चाचणी. बीटा आवृत्ती आपल्या संगणकावर चढवावी, तिच्यात लांब शीर्षकाचा लेख टाकावा, ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ दोन्ही शोधून पाहावेत, मोडीचं एक अक्षर मध्ये घालून पुढचा मजकूर शाबूत राहतो का ते बघावं, चित्राच्या फाइलला मराठी नाव देऊन ती चढवावी. काही बिघडलेलं दिसलं, तर कुठल्या आवृत्तीत, काय केल्यावर, काय दिसलं हे क्रमाने लिहून प्रकल्पाच्या ‘ट्रॅक’ या तक्रारवहीत नोंदवावं. आधी कुणी तीच तक्रार केली आहे का ते पाहावं आणि असेल तर तिच्याखालीच आपला अनुभव जोडावा. खातं फुकट मिळतं, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, आणि पडद्याचं छायाचित्र जोडलं तर दुरुस्त करणाऱ्याचे बरेच तास वाचतात.